इन्फ्रारेड सर

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. तुमच्याशी बोलायला आले की आधी खिशातून रुमाल काढून स्वतःच्या तोंडावर धरायचे आणि मग म्हणायचे, "हं, बोला." नव्या माणसाला वाटायचं, आपल्याच तोंडाला वास येतो की काय. मीही रुजू झालो त्या दिवशी घरी जाऊन कडुनिंबाची काडी चावली होती. पंधरा दिवसांनी उलगडा झाला. सरांच्या डाव्या खिशात एक चपटी डबी असायची आणि डबीत मिठाच्या दोन चकत्या. खायच्या मिठाचे मोठे स्वच्छ स्फटिक कापून, घासून काचेसारख्या आरपार केलेल्या. इन्फ्रारेड किरण काचेतून जात नाहीत, मिठातून जातात. म्हणून जो पदार्थ तपासायचा तो या दोन चकत्यांच्या मध्ये दाबून यंत्रात ठेवायचा. पण त्यांच्यावर माणसाचा श्वास पडला की त्या धुरकट होतात. सरांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या चकत्यांवर वाकून काढली होती, आणि हाताला रुमालाची सवय लागली होती ती लागलीच. डबी बंद असो, घरी असो, समोर प्राचार्य असोत, रुमाल वर जायचाच.

ही साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि आमचं कॉलेज नवंकोरं. प्रयोगशाळेत स्पिरिटचे दिवे, चार तराजू, त्यातले दोन धड. इन्फ्रारेडचं यंत्र नंदुरबारला तर नव्हतंच, जवळपास कुठेही असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. ते होतं मुंबईला, सर पूर्वी नोकरी करत त्या प्रयोगशाळेत. आईच्या आजारपणात सर नोकरी सोडून इकडे आले. आई गेली, सर राहिले. जुना एक मित्र अजून त्या प्रयोगशाळेत होता. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत तो सरांना यंत्रावर बसू द्यायचा. म्हणजे सर वर्षातून दोन सुट्या जगायचे आणि बाकीचे दिवस वाट बघायचे. पावसाळ्यात त्यांचा चेहरा उतरायचा. बाहेर शेतकरी आभाळाकडे बघून खूश, आणि हे डबीतल्या चकत्यांना ओल लागेल म्हणून चिंतेत. मुलं त्यांना "इन्फ्रारेड सर" म्हणायची. शिपाईही म्हणायचा. त्यांचं खरं आडनाव मस्टरवर होतं, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

त्यांचा जीव जडला होता तो बार्बिट्युरेटांवर. ही झोपेची औषधं. त्यातलंच एक, फिनोबार्बिटोन, फिट येणाऱ्या माणसाला देतात. यांचं एक मोठं कुटुंब आहे आणि कुटुंबातले सगळे दिसायला सारखे, पांढरी भुकटी. जुन्या पद्धतीच्या परीक्षेत जांभळा रंग आला की एवढंच कळतं की हा त्या घरातला आहे. पण थोरला की धाकटा, ते कळत नाही. ते इन्फ्रारेड सांगतं. यंत्राची लेखणी कागदावर एक रेघ काढत जाते, आणि त्या पदार्थाने जिथे किरण शोषले तिथे रेघ खाली जाते. सर वर्गात सांगायचे, "नंदुरबार-शहादा रस्त्यावर एसटीत डोळे मिटून बसा. कुठला खड्डा कुठे आहे यावरून तुम्हाला कळतं की नाही, गाडी आता कुठे आली? तसंच." मुलांना इन्फ्रारेड किती कळलं ठाऊक नाही, पण शहाद्याची मुलं त्या तासाला खूप हसायची.

सरांकडे एक जाडजूड वही होती. तिच्या पानापानावर एकेका बार्बिट्युरेटाची रेघ चिकटवलेली. लोक लग्नाचे फोटो दाखवतात तशी ते ती दाखवायचे. "हे पाहा, हे पाच पूर्णांक आठ मायक्रॉनच्या आसपासचे तीन खड्डे. हे घराण्याचं नाक. आणि इथून पुढे ज्याचा त्याचा चेहरा." सर अविवाहित होते. स्टाफरूममध्ये यावर जे बोललं जायचं ते मी लिहीत नाही. एवढं मात्र लिहितो की झोपेच्या औषधांचा हा जाणकार स्वतः कुठलंही औषध न घेता, प्राचार्यांच्या सभेत, ताठ बसून, डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपायचा. एकदा ठराव पास होताना त्यांनी झोपेतच हात वर केला होता.

ते ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या गुजर काकूंचं आणि त्यांचं एक भांडण मी डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, घातल्या होत्या आणि वाळवायला कागद कमी पडला. सरांच्या खोलीत कागदाची लांबच लांब गुंडाळी दिसली. ती त्यांनी गच्चीवर उलगडून पसरली. सर आले, बघितलं, आणि रुमाल तोंडावर न धरता पहिल्यांदाच ओरडले.

"काकू, अहो ही माझी दोन वर्षांची मेहनत आहे!"

"सर, कागद कोरा व्हता म्हणीसन लिधा," काकू शांतपणे म्हणाल्या. "रेघा तं खाले शेत, बिबड्या वर शेत. तुमनं काय बिघडनं?"

सरांनी गुडघ्यांवर बसून एकेक बिबडी उचलली. काकूंनी दुपारी त्यातल्याच भाजून त्यांना पाठवल्या आणि सरांनी त्या खाल्ल्या. त्या गुंडाळीवर बिबड्यांचे गोल ठसे राहिले ते राहिले. मुंबईच्या मित्राने ते बघून विचारलं म्हणे, की हे कुठल्या यंत्राचं छिद्र आहे.

स्वभावाने मऊ माणूस, पण एका बाबतीत अगदी कडू. प्रयोगवहीत कोणी "बहुतेक" लिहिलं की लाल शाईने असं खोडायचे की मागच्या पानावर खळगा पडायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "तुमचं मत खिशात ठेवा. कागद काय म्हणतो ते सांगा." मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. दोन मुलांचा बाप होतो, तरी हे वाक्य ऐकलं की शाळेत असल्यासारखा गप्प व्हायचो. जुन्या पद्धतींविषयी, त्यातल्या त्यात वितळणबिंदूविषयी, त्यांना दया वाटायची. काचेच्या नळीत चिमूटभर पदार्थ घालून तो किती अंशांवर वितळतो हे बघत बसणं म्हणजे त्यांच्या मते नाडी बघून मूळव्याध सांगणं.

आणि याच माणसाकडे एका दिवाळीच्या तोंडावर एक सीलबंद बाटली आली.

खांडबाऱ्याला गाडीतून उतरून पुढे बैलगाडीने जावं लागे अशा एका बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ती पाठवली होती. गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीला, सुमनला, फिट यायच्या. फिनोबार्बिटोनच्या पुड्यांनी त्या पाच महिने थांबल्या होत्या. दवाखान्यात औषधाची नवी बाटली उघडली आणि त्याच सुमाराला फिट पुन्हा सुरू झाल्या. मुलीच्या वडिलांनी दवाखान्यासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की कंपाउंडरने खरं औषध विकलं आणि बाटलीत खडूची भुकटी भरली. कंपाउंडर जयराम. डोंगराकडचा कोकणी आदिवासी, त्याच्या गावातला शिकलेला पहिला, चौदा वर्षं त्याच काट्यावर पुड्या बांधत होता. डॉक्टरांचा त्याच्यावर विश्वास होता, पण खात्री हवी होती. नव्या बाटलीतली थोडी भुकटी त्यांनी वेगळ्या बाटलीत सील करून सरांकडे पाठवली.

सर हरखले. मला बरोबर घेतलं. मुंबईच्या त्या थंडगार खोलीत त्यांनी भुकटी पातळ पॅराफिनमध्ये खलली, मिठाच्या चकत्यांमध्ये दाबली, रुमाल तोंडावर धरून यंत्रात ठेवली. लेखणी चालू लागली. तीन खड्डे आले. म्हणजे खडू नव्हता, घराणं बरोबर होतं. पण पुढे सात मायक्रॉनच्या पलीकडे रेघ वेगळीच वळणं घेऊ लागली. सरांनी वहीतलं फिनोबार्बिटोनचं पान शेजारी धरलं. जुळत नव्हतं.

मी म्हणालो, "सर, परत गेल्यावर एकदा वितळणबिंदू..."

"अहो, समोर कागद असताना?"

त्यांनी तिथेच बसून निकाल लिहिला. "सदर पदार्थ बार्बिट्युरेट वर्गातील आहे, तथापि तो फिनोबार्बिटोन नव्हे." खाली सही. "नव्हे"च्या खाली त्यांनी रेघही मारली. मला त्या रेघेचा तेव्हा अभिमान वाटला होता, हे आज कबूल करतो.

दिवाळीनंतर कॉलेज उघडून आठवडा झाला असेल. प्रयोगशाळेच्या दारात एक मध्यम वयाचा माणूस चपला बाहेर काढून उभा होता. धुतलेला सदरा, हातात टोपी.

"मी जयराम कंपाउंडर," तो म्हणाला. मराठी शाळेतली, एकेक शब्द जपून ठेवलेली. "सर, तुमचा कागद डॉक्टरसाहेबांनी वाचून दाखवला. काट्याला हात लावायचा नाही असा हुकूम झाला. मी आता दवाखान्यात पाणी भरतो. चौकशीचे साहेब येत्या बाजाराच्या दिवशी येणार."

सरांनी रुमाल वर केला. "मी फक्त पदार्थ तपासला. माणूस नाही."

"हो सर. मला एवढंच विचारायचं. ते औषध नव्हतं, मग काय होतं? बाटली मी सील फोडून उघडली, दुसरं काही तिच्यात घातलं नाही. मी लोकांना काय देत होतो, ते मला कळायला पाहिजे."

सर वही उघडून पानं उलटत राहिले. मी बघत होतो. त्या वहीत तीसेक बार्बिट्युरेटं होती, आणि एकाचीही रेघ जुळत नव्हती.

"ते... अजून ठरायचं आहे," सर म्हणाले.

जयराम म्हणाला, "माझी नोकरी जाईल ते जाईल. पण डोंगरातले लोक मी आहे म्हणून दवाखान्यात येतात, सर. आता म्हणतात, जयराम खडू देतो. परवा एक बाई तापलेलं पोर घेऊन दारातून परत गेली." एवढं बोलून तो नमस्कार करून गेला. चपला घालताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गावर असताना मी चोरासारखा स्पिरिटचा दिवा पेटवला. बाटलीतली उरलेली भुकटी एका नळीत घातली, सरांचं शुद्ध फिनोबार्बिटोन दुसरीत, आणि दोन्ही मिसळून तिसरीत. पदार्थ दोन असतील तर मिश्रण आधीच, कमी अंशांवर वितळतं. हे बी.एस्सी.च्या पोरालाही ठाऊक असतं. तिन्ही नळ्या एकाच वेळी वितळल्या. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सर दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मी नळ्या दाखवल्या.

त्यांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि ज्या प्रयोगाची आयुष्यभर टर उडवली तो स्वतः तीनदा केला. मग स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर, रुमाल खाली पडलेला.

"दाणे वेगळे रचले गेलेत," ते म्हणाले. "माझं फिनोबार्बिटोन मी अल्कोहोलमध्ये विरघळवून परत त्यातून स्फटिक करून काढलं होतं. कारखान्याने दुसऱ्या कशातून काढलं असेल. विटा त्याच, रचाई वेगळी. तेवढ्याने घन पदार्थाची रेघ बदलते. अहो, मला हे माहीत होतं! परदेशी नियतकालिकात वाचलं होतं. मीच लाल शाईने खूण केली होती."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. एवढा मोठा माणूस मी एवढा लहान झालेला कधी पाहिला नव्हता, आणि मला त्यांची फार माया आली.

त्याच दिवशी रजेचा अर्ज न देता सर मुंबईला गेले. त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं. प्राचार्य मला विचारत होते आणि मी "बहुतेक तब्येत बरी नसावी" असं सांगत होतो. मुंबईत त्यांनी दोन्ही भुकट्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवल्या. विरघळल्यावर रचाई उरतच नाही, उरतो तो नुसता पदार्थ. दोन रेघा एकावर एक ठेवल्या तेव्हा मित्राने विचारलं म्हणे, की दुसरी कुठे आहे.

बाजाराच्या दिवशी सकाळी खांडबाऱ्याच्या फलाटावर मी त्यांची वाट बघत होतो. सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून उतरले. दाढी वाढलेली, काखेत गुंडाळी. बैलगाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलले, "मी जे काय म्हणेन त्यात मध्ये पडू नका."

दवाखान्याच्या खोलीत चौकशीचे साहेब खुर्चीवर, डॉक्टर शेजारी, भिंतीशी सुमन आणि तिचे वडील. जयराम दाराबाहेर, पाण्याच्या पिंपाजवळ. सरांनी त्याला आत बोलावलं आणि तो आत येईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग दोन रेघा टेबलावर पसरल्या.

"हे फिनोबार्बिटोन आहे. शुद्ध आहे. माझा आधीचा निकाल चुकीचा होता. चूक यंत्राची नाही, माझी आहे. मला ती टाळता आली असती."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तुम्ही तेव्हा सही कशी केलीत?"

"गर्वाने," सर म्हणाले.

मुलीचे वडील पुढे झाले. "मंग मन्ही पोरले फिट कसाले उनी?"

डॉक्टरांनी सुमनकडे पाहिलं. मॅट्रिकला बसणारी मुलगी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. डॉक्टरांनी हळूच विचारलं, पुड्या रोज घेत होतीस ना? ती आधी रडली. मग म्हणाली, "पुडी लिधी का झोप येस. अभ्यास व्हत नही. म्हणीसन मी ती चूलमा टाकी देस."

वडील मटकन खाली बसले. साहेबांनी शाईची बाटली पुढे ओढली आणि लिहू लागले. जयरामला कामावर पूर्ववत घ्यावं, वगैरे. डॉक्टर हसून जयरामच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

जयराम बाजूला सरला. "साहेबांना समजलं, सर. कागद साहेबांबरोबर धुळ्याला जाईल." त्याने बाहेर बोट दाखवलं. बाहेर बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, मडकी, डोंगरातून उतरलेल्या बाया. "त्यांना कोण सांगेल?"

सर उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसेच. "बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "एकाच पदार्थाच्या स्फटिकरचनेतील भिन्नतेमुळे..." मिरच्यांच्या ढिगामागची म्हातारी त्यांच्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "हाऊ काय इकी ऱ्हायना वं?" तिला वाटलं, हेही काही विकायलाच उभे आहेत.

मी मागे उभा होतो. मध्ये पडायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून ओठ चावला.

सर थांबले. मागे वळून, पायरीपर्यंत आलेल्या मुलीच्या वडिलांना त्यांनी विचारलं, "चूक माझी आहे, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

वडिलांनी मान खाली घातली. "चूक मन्ही शे, आसं म्हनतस." आणि जरा थांबून, "पन सर, ती तं मी म्हनाले पाहिजे."

"तुम्ही मागून म्हणा," सर म्हणाले, आणि बाजाराकडे तोंड करून, नसा फुगेपर्यंत ओरडले, "चूक मन्ही शे! औषध खरं शे! जयराम खरा शे!"

उच्चार भयंकर होता. पोरं हसली. सरांनी पुन्हा म्हटलं, मग बैलबाजाराकडे तोंड करून आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला वडीलही त्यांच्या शेजारी उभे राहून म्हणू लागले. डोंगरातल्या लोकांत एक म्हातारा होता, त्याने वळून आपल्या बायामाणसांना त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं. त्या सरकत सरकत दवाखान्याच्या ओट्यापर्यंत आल्या.

आत जयरामने हात धुतले. काट्याची पारडी पुसली, खिडकी उघडली. ओट्यावरून वडील खिडकीशी गेले, महिनाभर ज्याला खडूवाला म्हणत होते त्याच्यापुढे हात पसरला आणि म्हणाले, "भाऊ, पुड्या बांधी दे."

जयरामने पुड्या बांधल्या. मोजून कागदात ठेवल्या. पण वडिलांच्या हातात दिल्या नाहीत. खिडकीतून वाकून त्याने मागे लपलेल्या सुमनला पुढे बोलावलं आणि त्या तिच्या हातात ठेवत म्हणाला, "चूलले फिट येत नही, माय. ह्या तूच ले."